वॉल्मिंग्टनची म्हातारी पलटण

मित्रहो, नमस्कार.

समोर बसलेल्यांपैकी बरेच जण देवळाली कॅम्पातून आलेत, म्हणून आपल्या देवळालीपासूनच सुरुवात करतो. इंग्रजीत 'डूलॅली' असा एक शब्द आहे. डोकं फिरलेल्या माणसाला तिकडे आजही तो लावतात. तो शब्द म्हणजे आपली देवळाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर इथल्या छावणीत मायदेशाच्या बोटीची वाट बघत थांबायचे. बोटी थंडीच्या मोसमात सुटायच्या. ज्याची मुदत उन्हाच्या तोंडावर संपली, त्याला महिनोन्‌महिने ना काम ना घर. त्यात काहींची डोकी फिरायची, आणि त्याला नाव पडलं 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप.

2009 साली मी लेस्टरला बहिणीकडे गेलो होतो. शेजारच्या आजींनी आपल्या कुत्र्याला लाडाने डूलॅली म्हटलं. मी म्हणालो, आजी, हे माझं गाव आहे. त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी मला शनिवारी संध्याकाळी चहाला बोलावलं, टीव्ही लावला, आणि म्हणाल्या, "तुझ्या गावात राहिलेल्या माणसाने हे लिहिलंय, बघ." पडद्यावर 'डॅड्स आर्मी' ही जुनी विनोदी मालिका लागली होती. मालिका संपून तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती. तरी आजींना प्रत्येक वाक्य पाठ होतं, नटाच्या आधी त्या पुटपुटायच्या. आपल्याकडे जुन्या नाटकांच्या कॅसेटी ऐकताना घरोघरी व्हायचं, अगदी तसं. तेव्हापासून या मालिकेने मला धरून ठेवलंय. ती इतकी का टिकली, हाच आजचा विषय.

'डॅड्स आर्मी' बीबीसीवर 31 जुलै 1968 रोजी सुरू झाली आणि 13 नोव्हेंबर 1977 रोजी संपली. एकूण 80 भाग. लिहिणारे दोघं, जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. ऐन भरात असताना एकेका भागाला पावणेदोन कोटींच्या वर प्रेक्षक असायचे.

मालिकेतला काळ आहे 1940 चा. डंकर्कच्या किनाऱ्यावरून तीन लाख अडतीस हजार सैनिक कसेबसे परत आणले होते, पण तोफा, रणगाडे, गाड्या सगळं फ्रान्समध्येच राहिलं. खाडीच्या पलीकडे जर्मन फौज उभी. त्याच्या थोडं आधी, 14 मे रोजी, युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून आवाहन केलं होतं की 17 ते 65 वयाच्या, सैन्यात नसलेल्या पुरुषांनी आपापल्या गावाच्या रक्षणासाठी नावं नोंदवावीत. जुलै संपेपर्यंत लाखोंच्या संख्येने लोक आले. चर्चिलनी या दलाला नाव दिलं होमगार्ड. आपल्याकडे होमगार्ड म्हटलं की गणपतीच्या बंदोबस्ताला उभी असलेली पोरं डोळ्यांपुढे येतात. तीही याच कल्पनेची पुढची पिढी, मुंबईत डिसेंबर 1946 मध्ये आपलं दल उभं राहिलं.

पण तिथल्या होमगार्डाच्या हातात सुरुवातीला काय होतं? शिकारीची बंदूक, काठी, झाडूच्या दांड्याला बांधलेली सुरी. पुढे चर्चिलनी प्रत्येकाच्या हातात निदान भाला तरी असू द्या असं लिहिलं, आणि युद्धखात्याने ते शब्दशः घेऊन लोखंडी नळ्यांना संगिनी जोडलेले अडीच लाख भाले खरोखर बनवून घेतले. ही गोष्ट कुणा विनोदी लेखकाने रचलेली नाही.

पेरीला हे सगळं आतून माहीत होतं. सतरा वर्षांचा असताना तो वॉटफर्डच्या होमगार्डमध्ये होता. आई सारखी काळजी करायची, रात्रीच्या थंडीत पोराला सर्दी होईल म्हणून. मालिकेतला पाइक, ज्याची आई त्याला मफलर गुंडाळून पहाऱ्याला पाठवते, तो म्हणजे पेरी स्वतः. त्याच्या तुकडीत एक म्हातारा होता, सुदानच्या लढाईत जनरल किचनरच्या हाताखाली लढलेला. तो झाला लान्स कॉर्पोरल जोन्स. गडबड उडाली की "घाबरू नका, घाबरू नका!" असं ओरडत सगळ्यांत जास्त घाबरणारा. 1967 साली लंडनच्या राजवाड्यासमोर लाल कोटातले पहारेकरी बदलताना पेरीने पाहिले, आणि त्याला आठवलं की एके काळी इथे होमगार्डचे लोकही पहारा देत होते. तो घरी जाऊन लिहायला बसला.

बीबीसीतल्या काही वरिष्ठांना धाकधूक होती. युद्ध संपून तेवीस वर्षंच झाली होती. ज्या काळाचा देशाला सर्वांत जास्त अभिमान, त्याची टिंगल लोक सहन करतील का? ही भीती रास्त होती. तिचं उत्तर मालिकेने कसं दिलं, ते नीट बघण्यासारखं आहे.

वॉल्मिंग्टन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं कल्पित गाव. तिथल्या बँकेचा मॅनेजर जॉर्ज मेनवरिंग स्वतःच स्वतःला कॅप्टन नेमतो. बुटका, टकला, फुगलेला, कायम वरच्या पट्टीत. त्याचा हेडक्लार्क विल्सन होतो सार्जंट. देखणा, मऊ आवाजाचा, बड्या शाळेत शिकलेला, मोठ्या घराण्यातला. मेनवरिंग साध्या शाळेतून रखडत वर आलेला. म्हणजे जो खाली आहे तो जन्माने वर, आणि वर आहे त्याला रोज सिद्ध करावं लागतं की मी वर आहे. विल्सन जवानांना हुकूम देतो तो असा, की बरं वाटत असेल तर जरा रांगेत उभं राहाल का? मेनवरिंगचा संताप होतो. आर्थर लो आणि जॉन ले मेसुरिए यांनी नऊ वर्षं हे नातं वठवलं. ले मेसुरिए खऱ्या युद्धात खरोखरच कॅप्टन होते, आणि त्यांची नेमणूक हिंदुस्थानात होती. इंग्रजांची जातिव्यवस्था कशी चालते हे मला पुस्तकांपेक्षा या दोघांच्या एका टेबलाभोवतीच्या भांडणांतून जास्त कळलं.

आता एक प्रसंग. 1969 चा भाग आहे. बँकेवर बॉम्ब पडतो, फुटत नाही, छतातून थेट तिजोरीच्या खोलीत येतो. धूळ खाली बसते तेव्हा मेनवरिंग आणि विल्सन शेजारी शेजारी बसलेले, आणि तो भलामोठा बॉम्ब दोघांच्या मांडीवर आडवा. हलले तर फुटेल. बाहेर सगळ्या पलटणीची धावपळ, सल्ले, गोंधळ. आपण हसून लोळतो. पण मेनवरिंगकडे लक्ष ठेवा. बाकीच्यांचे जीव वाचावेत म्हणून तो त्यांना बाहेर जायला सांगतो, आणि स्वतः बसून राहतो. त्या क्षणी त्याच्या आवाजात बडेजाव नाही. ज्याच्या फुशारकीला आपण पाच मिनिटांपूर्वी हसत होतो, तो वेळ आल्यावर फुशारकीइतकाच शूर निघतो. लेखकांनी हसू माणसाच्या खोडीला ठेवलं, त्याच्या धैर्याला कधीच हात लावला नाही. वरिष्ठांच्या भीतीला मिळालेलं उत्तर हेच.

त्याच वर्षीचा आणखी एक भाग मला सर्वांत जवळचा आहे. गॉडफ्री हा पलटणीतला एक म्हातारा, दोन बहिणींबरोबर एका झोपडीवजा घरात राहणारा, मधूनच परवानगी मागून बाथरूमला जाणारा. एके दिवशी तो मेनवरिंगला सांगतो की पहिल्या महायुद्धात मी लढायला नकार दिला होता, माणसं मारणं माझ्याने झालं नसतं. सगळी पलटण त्याच्याकडे पाठ फिरवते. मेनवरिंगसुद्धा. काल एकत्र चहा पिणारी माणसं आज त्याच्याशी बोलत नाहीत, आणि तो तसाच हसून सगळ्यांशी सौजन्याने वागत राहतो. पुढे धुराने भरलेल्या खोपटातल्या सरावात मेनवरिंग आत अडकतो, आणि त्याला ओढून बाहेर काढतो तो गॉडफ्री. आजारी गॉडफ्रीला भेटायला सगळे घरी जातात. त्याच्या पलंगाच्या वर एक जुना फोटो. त्यात तरुण गॉडफ्रीच्या छातीवर शौर्यपदक. बहीण सांगते की तो स्ट्रेचर उचलणारा म्हणून त्या युद्धात फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत गेला होता, गोळ्यांच्या वर्षावात जखमी माणसं उचलून आणली होती. स्वतः गॉडफ्री याबद्दल कुणाकडे एक अक्षर बोललेला नसतो.

आता गॉडफ्रीचं काम करणारे अर्नोल्ड रिडली कोण होते? 1916 साली सोमच्या लढाईत ते खरोखर होते. शत्रूची संगीन लागली, डावा हात जायबंदी झाला, डोक्यात बंदुकीचा दस्ता बसला. तो हात पुढे कधीच नीट चालला नाही, आणि डोक्याच्या माराने आयुष्यभर अधूनमधून शुद्ध हरपायची. दुसऱ्या महायुद्धातही 1940 मध्ये ते फ्रान्सला गेले. पलटणीतला स्कॉटिश फ्रेझर करणारे जॉन लॉरी पहिल्या युद्धात लढले होते आणि दुसऱ्यात स्वतः होमगार्डमध्ये होते. म्हाताऱ्या जोन्सचं काम करणारे क्लाइव्ह डन तेव्हा पन्नाशीही न गाठलेले, पण तरुणपणी ग्रीसमध्ये जर्मनांच्या हाती सापडून चार वर्षं कैदेत काढलेले. हे सगळं माहीत नसतानाही लेस्टरमध्ये पहिल्यांदा पाहताना मला जाणवलं होतं की ही माणसं सोंग करत नाहीयेत.

आणि आता परत देवळालीला यायला हवं. सैन्यात गेल्यावर पेरी आपल्या इथे होते, तोफखान्याच्या करमणूक पथकात. क्रॉफ्टही युद्धकाळात हिंदुस्थानात होते. या दोघांनी 1974 ते 1981 या काळात आणखी एक मालिका केली, 'इट एन्ट हाफ हॉट मम', आणि ती सुरू होते चक्क देवळालीच्या छावणीत. तीही तुफान चालली. आज मात्र बीबीसी ती दाखवत नाही. तेच लेखक, तेच युद्ध, तीच पद्धत. एक मालिका दर आठवड्याला पुन्हा लागते, दुसरी कपाटात. असं का?

मी ती पाहिली, सगळी नाही, पण पुरेशी. गाणारी-नाचणारी गोरी पोरं आणि त्यांच्यावर खेकसणारा सार्जंट मेजर अस्सल आहेत, कारण पेरीने ते जगलं होतं. पण रंगी राम नावाचा बेअरर तोंडाला काळा रंग फासलेला इंग्रज नट करतो. मायकल बेट्स हे ते नट, जन्म झाशीचा, हिंदुस्थानी उत्तम यायचं. गुणी नट होते. तरीही तो रंगी राम बाहेरून पाहिलेला आहे. त्याला गॉडफ्रीच्या पलंगावरचा फोटो नाही. पंखा ओढणाऱ्या रमजानला घर आहे का, रात्री तो कुणाशी काय बोलतो, हे कळतच नाही. माझे आजोबा त्याच काळात कॅम्पात दुधाचा रतीब घालायचे. त्या मालिकेत मी त्यांना शोधत होतो, हे इथे उघड सांगतो. ते मला सापडले नाहीत. वॉटफर्डच्या प्रत्येक म्हाताऱ्याची खोड आणि दुःख पेरीला ठाऊक होतं. देवळालीत त्याला आपला चहावाला दिसला, त्याच्यामागचं गाव दिसलं नाही. वॉल्मिंग्टन टिकलं आणि पडद्यावरची देवळाली मागे पडली, याचं कारण मला इथे दिसतं.

'डॅड्स आर्मी'चं बाहेरचं चित्रीकरण नॉरफोकमधल्या थेटफर्डच्या परिसरात व्हायचं. 2010 मध्ये तिथे बाकावर बसलेल्या मेनवरिंगचा पुतळा बसवला. दुसऱ्या हंगामातले तीन भाग मात्र कायमचे गेले. त्या काळी टेप महाग, म्हणून बीबीसी जुनं पुसून त्यावर नवं घ्यायची.

शेवटच्या भागात जोन्सचं लग्न असतं. त्या रात्रीच हल्ल्याचा इशारा येतो, नवरदेव पहाऱ्याला. गावाचा हवाई हल्ल्याचा वॉर्डन येऊन हिणवतो की जर्मन आलेच तर तुम्ही म्हातारे काय करणार? तो गेल्यावर पाइक विचारतो, आपला खरंच काही उपयोग आहे का? मेनवरिंग सांगतो की आमची घरं, आमचं स्वातंत्र्य हिसकावायला येईल त्याला कळेल आम्ही काय करू शकतो, आणि आम्ही एकटे नाही, इंग्लंडभर हजारो आहेत. फ्रेझर लगेच म्हणतो, स्कॉटलंडमध्येही. विल्सन सुचवतो की त्या सगळ्यांच्या नावाने प्याला उचलावा. मग ते सगळे वळतात, थेट कॅमेऱ्याकडे, आपल्याकडे बघतात, आणि म्हणतात, ब्रिटनच्या होमगार्डला. त्या दलातले बाराशेहून अधिक लोक कर्तव्यावर असताना मरण पावले होते, आणि त्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्या कित्येक घरांत त्या दलात राहिलेलं कुणीतरी होतं. तो प्रसंग पाहाल तेव्हा गॉडफ्रीकडे बघा. रिडली तेव्हा 81 वर्षांचे होते. सोमला जाऊन आलेला माणूस सोमला जाऊन आलेल्या माणसाचं काम करत, प्याला धरून ताठ उभा आहे.