निळ्या गेजवरचा आकडा

[दृश्य: भर दुपारची गच्ची. आउटडोअर युनिटचा पंखा फिरतोय.]

नागपूर. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे. दुपारचे तीन वाजलेत, पारा 45 अंशांवर. गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. खाली दुसऱ्या मजल्यावर दीड टनाचा एसी सकाळपासून चालू आहे आणि खोली तापलेली ती तापलेलीच.

काकूंनी मेकॅनिकना दारातच सांगितलं, "भाऊ, थंडच नाही होत जी. गॅस संपला असन. दरवर्षी मे महिन्यात भरतोच आम्ही."

"काकू, गॅस जळत नाही, संपत बी नाही. गेला असन तर कुठून तरी गेला असन. आधी ते पाहू."

'आधी ते पाहू' म्हणणारे फार थोडे भेटतात. म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन त्यांच्या मागोमाग गच्चीवर आलो.

[दृश्य: निळा गेज, जवळून.]

जाड पाइपवरच्या सर्व्हिस पोर्टला दाब मोजणारा गेज लागला. सुई 85 पीएसआयवर. पीएसआय हे दाबाचं माप. या एसीत आर-32 गॅस आहे. तो नीट चालत असेल तर सुई साधारण 120 ते 150च्या दरम्यान असते. शिवाय व्हॉल्व्हजवळच्या जाड पाइपवर पांढरा बर्फ जमलाय. नेमकं इथेच बहुतेक वेळा गॅसचा सिलिंडर उघडला जातो.

यांनी सिलिंडरला हातही लावला नाही. जाड पाइपवर तापमापकाची क्लिप लावली आणि वाट बघत बसले.

कारण गेज गॅस मोजत नाही. स्वयंपाकाचा सिलिंडर आठवा. भरलेला असो की तळाशी थोडाच द्रव उरलेला असो, आतला दाब जवळजवळ सारखा राहतो. तो ठरतो तापमानावर. म्हणून तर किती उरलाय हे बघायला आपण सिलिंडर हलवून, उचलून बघतो. एसीचंही तसंच. 35 अंशांच्या हवेत बंद पडून असलेल्या आर-32च्या एसीवर गेज 300 पीएसआयच्या आसपास दाखवेल. त्यावरून कळतं ते एवढंच, की आत थोडा तरी द्रव आहे. किती आहे, ते नाही.

एसी चालू असताना हाच आकडा आतल्या कॉइलबद्दल बोलतो. तिथे गॅस किती अंशांवर उकळतोय, ते सांगतो. आर-32साठी 85 पीएसआय म्हणजे उणे 5 अंश. कॉइल गोठणबिंदूच्याही खाली गेलीय. का गेली?

गॅस खरोखर कमी असेल, तर थोडासा द्रव कॉइलच्या सुरुवातीलाच उकळून संपतो. पुढच्या सगळ्या लांबीत नुसती वाफ तापत जाते आणि पाइप उणे 5पेक्षा बराच गरम लागतो. याच्या अगदी उलटही घडू शकतं. गॅस भरपूर, पण कॉइलवरून खोलीची हवाच पुरेशी जात नाही. द्रवाला उष्णता मिळत नाही, तो न उकळताच पुढे येतो आणि पाइपही तेवढाच गार राहतो. पाइप आणि उकळणबिंदू यांच्यातल्या या फरकाला सुपरहीट म्हणतात. गेजची सुई मात्र दोन्ही आजारांत खालीच जाते.

क्लिपवर आकडा आला. उणे 3. फरक फक्त 2 अंशांचा.

गॅस कमी नाही.

[दृश्य: इनडोअर युनिट उघडलेलं. ब्लोअर.]

फिल्टर स्वच्छ निघाला. काकू दर पंधरा दिवसांनी धुतात. पण ब्लोअरच्या, म्हणजे खोलीत हवा फेकणाऱ्या पंख्याच्या, पात्यांमध्ये धूळ आणि फोडणीच्या तेलाचा जाड थर बसलाय. इतक्या वर्षांच्या सर्व्हिसिंगमध्ये तिथवर कुणाचा हात पोचलाच नव्हता. गळती आहे का ते बघायला पाइपच्या जोडांवरच्या चारही फ्लेअर नटांवर साबणाचा फेस लावून पाहिला, एकही बुडबुडा नाही.

ब्लोअर आणि कॉइल धुऊन एसी पुन्हा सुरू झाला. सुई 100च्या पुढे गेली, 130वर आली. मला वाटलं, झालं काम. पण ती थांबली 165वर. कॉम्प्रेसरचा करंटही एसीवरच्या कंपनीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा जास्त.

या घरातलं खरं दुखणं आता दिसलं. दरवर्षी ब्लोअर थोडा जास्त माखायचा, प्रेशर थोडं खाली यायचं, आणि 'बरोबर' आकडा दिसेपर्यंत वरून गॅस घातला जायचा. असा जास्तीचा द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर तेल पातळ होतं, आणि कॉम्प्रेसर गेला की हजारोंचा खर्च. दरवर्षी पैसे मोजून या कुटुंबाने आपलंच यंत्र मरणाच्या जवळ नेलं होतं. याचं मला फार वाईट वाटलं.

तरी घाई नाही. आउटडोअरची कॉइल धुळीने चोंदली किंवा पंख्याचा कपॅसिटर कमजोर झाला, तरीही प्रेशर आणि करंट चढतात. ते दोन्ही आधी तपासले, ठीक निघाले. आपल्याकडच्या बहुतेक स्प्लिट एसींना पोर्ट जाड पाइपवरच असतो, त्यामुळे कॉम्प्रेसरनंतरच्या, जास्त दाबाच्या बाजूचं प्रेशर थेट दिसत नाही. ते करंटवरून आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम हवेवरून ताडावं लागतं.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. एसी हा मुळात हीट पंपच, उष्णता एकीकडून दुसरीकडे नेणारा. 'हॉट अँड कोल्ड' एसीत फोर-वे व्हॉल्व्ह गॅसची दिशा उलटवतो, आणि थंडीत याच जाड पाइपमधून कॉम्प्रेसरचा गरम, जोरदार दाबाचा गॅस वाहतो. आर-22 या कमी दाबाच्या गॅसच्या जमान्यातला जुना निळा गेज लावलेला असताना हीटिंग सुरू करू नका.

[दृश्य: वजनकाटा, रिकव्हरी सिलिंडर.]

सगळा गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढला, हवेत सोडला नाही. आर-32 पेट घेऊ शकतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट पृथ्वी तापवतो. काट्यावर दिसलं, पाटीवरच्या वजनापेक्षा जवळजवळ पाव किलो जास्त. मग पाइपांतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप, 500 मायक्रॉनच्या (निर्वाताच्या मापाच्या) खालपर्यंत. मग पाटीवर लिहिलाय तेवढाच गॅस, काट्यावर मोजून.

सुई 140वर स्थिरावली. कॉइल साधारण 9 अंशांवर. करंट उतरला.

संध्याकाळ होत आली. मेकॅनिकनी आउटडोअरच्या झाकणाच्या आत मार्करने लिहिलं: तारीख, गॅसचं वजन, 140 पीएसआय, पाइपचं तापमान, बाहेर 44.

"हे कोणासाठी जी?" काकूंनी विचारलं.

"पुढच्या वर्षी जो येईन त्याच्यासाठी. मी असन, नसन."