एका अर्जावरची सही

(पडद्यावर: रात्रीची पायवाट, दूरवर जंगल.)

३० जुलै २०००ची रात्र. कर्नाटकाच्या सीमेलगत तामिळनाडूतलं गाजनूर. चंदनतस्कर वीरप्पन साथीदारांसह एका घरात शिरला आणि कन्नड सिनेमाचे नायक, ७१ वर्षांचे डॉ. राजकुमार यांना घेऊन जंगलात निघून गेला. कन्नड माणसाचा देवच त्यानं उचलून नेला होता. बंगळूर ठप्प झालं.

मग मागण्या आल्या. त्यातली एक अशी: टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली म्हैसूरच्या तुरुंगात असलेल्या माणसांना सोडा. वीरप्पनला मदत केल्याच्या आरोपावरून ही पन्नासेक माणसं वर्षानुवर्षं कच्चे कैदी म्हणून आत होती.

कर्नाटक सरकारनं ठरवलं, सोडायचं. पण खटला मागे घ्यायचा अधिकार सरकारचा नाही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१नं तो सरकारी वकिलाला दिलेला होता. निकाल लागण्याआधी केव्हाही तो तसा अर्ज करू शकतो, मात्र कोर्टाची संमती लागते. दोषारोप निश्चित होण्याआधी संमती मिळाली तर आरोपी आरोपमुक्त होतो, नंतर मिळाली तर निर्दोष सुटतो.

विशेष सरकारी वकिलांनी अर्ज दिला. कारण लिहिलं, सीमाभागात शांतता नांदावी म्हणून. म्हैसूरच्या कोर्टानं टाडाची कलमं मागे घ्यायला परवानगी दिली. आता बाकीच्या आरोपांत फक्त जामीन उरला होता.

(पडद्यावर: सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या.)

तेवढ्यात एक बाप दिल्लीला पोचला. १९९२च्या ऑगस्टमध्ये वीरप्पनच्या टोळीनं दबा धरून पोलिसांवर हल्ला केला, त्यात त्याचा फौजदार मुलगा गेला होता. म्हातारपणी, एकट्यानं, कर्नाटक आणि तामिळनाडू अशी दोन सरकारं एका बाजूला असताना तो उभा राहिला. त्या माणसापुढे मला आजही हात जोडावेसे वाटतात.

७ नोव्हेंबर २०००. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदावरून सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती भरूचा आणि त्यांचे दोन सहकारी यांनी परवानगी रद्द केली. त्यांनी विचारलं ते साधंच होतं: वकिलानं कागदपत्रं वाचून स्वतःचं मत बनवलं होतं का? की सरकारनं सांगितलं म्हणून सही केली? आणि खालच्या न्यायाधीशांनी तरी हे तपासलं का?

आठ दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, राजकुमार सुखरूप परतले. १०८ दिवसांनी. कैदी मात्र आतच होते.

त्या बापाचं म्हणणं ऐकून घेण्याची सक्ती तेव्हाच्या कलमात नव्हती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ३६०मध्ये, ती आली. पीडिताला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय आता खटला मागे घेता येत नाही.

पण गोष्ट इथं संपली असं मला म्हणवत नाही.

(पडद्यावर: तुरुंगाची भिंत.)

२००१ साली म्हैसूरच्या टाडा कोर्टाचा निकाल लागला. मोजक्यांना शिक्षा झाली. बहुतेक आरोपी निर्दोष सुटले. जंगलाकाठची गरीब माणसं ती. त्यांच्याविरुद्ध टिकेल असा पुरावा नाही, हे कारण देऊन वकिलाला हाच अर्ज कितीतरी आधी करता आला असता. कलम तेच होतं. अपहरणाची वाट बघायची गरज नव्हती, फाईल उघडून वाचायची होती.

त्यांतले काहीजण १९९३ साली आत गेले होते. बाहेर आले तेव्हा घरची लहान पोरं मिसरूड फुटलेली झाली होती.