मुद्रणरेषेतलं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

घरात एखादं साप्ताहिक येत असेल तर त्याचं शेवटचं पान उलटा आणि अगदी तळाला बघा. बारीक टाइपात एक ओळ असते. हे साप्ताहिक मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक अमुक यांनी अमुक प्रेसमध्ये छापून अमुक गावी प्रसिद्ध केले. हिला मुद्रणरेषा म्हणतात. ती वाचायला कोणी वर्गणी भरत नाही. पण 1867 च्या कायद्यानं ती सक्तीची केली, कारण छापलेलं खटकलं तर शिपाई कोणाच्या दारात धाडायचा हे सरकारला ठाऊक हवं होतं. तालुक्याच्या साप्ताहिकात या चारही जागी बहुधा एकच नाव असतं. नेवासे तालुक्यातल्या एका साप्ताहिकात ते बरीच वर्षं माझं होतं. मग पुण्याच्या एका दैनिकात नोकरी लागली आणि ते काढावं लागलं.

मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक म्हणायला भारदस्त. प्रत्यक्षात जाहिरात मागायला जाणारा, थकलेली वर्गणी वसूल करणारा, प्रुफं तपासणारा आणि रात्री पत्त्यांच्या पट्ट्या चिकटवत बसणारा असा तो एकच माणूस. आमची छपाई नगरला ऑफसेटवर व्हायची, गठ्ठे एसटीनं यायचे. नोंदणीकृत वृत्तपत्राला टपालाची सवलत असते, पण अंक नेमून दिलेल्या दिवशीच टपालात पडावा लागतो. एसटी पंक्चर झाली म्हणून पोस्टमास्तर थांबत नाहीत. घरातली सगळी माणसं घड्या घालायला बसायची. आमच्या मुलीला बाराखडीआधी तालुक्यातले पिनकोड पाठ झाले होते असं बायको सांगते, आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

आता वाचक काय वाचतो? अग्रलेख, असं मला सुरुवातीला वाटायचं. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसून बघितलं की भ्रम फिटतो. माणूस अंक उघडतो तो थेट आतल्या पानावर, जाहीर नोटिशीवर. तमाम लोकांस कळविण्यात येते की, खालील वर्णनाची मिळकत माझे अशिलाने खरेदी करण्याचे ठरविले आहे. गट नंबरावरून बोट फिरतं, मग चतुःसीमा. पूर्वेस अमुक यांची जमीन, दक्षिणेस ओढा. शेजारच्या गटाची नोटीस असेल तर चहा तसाच राहतो आणि माणूस वकील गाठायला उठतो. त्यानंतर मुळा उजव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचणार का, ऊसतोडीचं काय, बिबट्या कुठे दिसला. अग्रलेख वाचणारे दोघे-तिघे होते, त्यातले एक निवृत्त हेडमास्तर फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यासाठी वाचत.

संपादनाचं सगळ्यात अवघड काम कुठलं असं कोणी विचारलं, तर मी श्रद्धांजलीची जाहिरात म्हणेन. एकदा दोन भाऊ वडिलांच्या दशक्रियेची जाहिरात घेऊन आले. एकत्र नव्हे, अर्ध्या तासाच्या अंतरानं. फोटो एकच, कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात तसाच राहिलेला. मजकूरही एकच. फरक फक्त ‘शोकाकुल’ या शब्दाखालच्या नावांत. थोरल्याच्या कागदावर धाकट्याचं नाव नव्हतं आणि धाकट्याच्या कागदावर थोरल्याचं. बांधाचा वाद कोर्टात होता. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून मी दोघांना पुन्हा बोलावलं. बोलणं झालं ते माझ्याशी, एकमेकांशी नाही. शेवटी ‘शोकाकुल: समस्त परिवार’ एवढंच छापायचं ठरलं आणि पैसे दोघांनी निम्मे निम्मे दिले. कोर्टात तारखा चालूच राहिल्या, पण त्या जाहिरातीचं कात्रण पुढे दोघांच्याही घरी फ्रेममध्ये बघायला मिळालं.

हे ऐकून कोणी भारावून जाऊ नये. अशा साप्ताहिकाचं पोट भरतं ते पुढाऱ्यांच्या वाढदिवसावर, दिवाळी शुभेच्छांवर, 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या पानांवर. ज्यांच्याकडे आज जाहिरातीसाठी जायचं, त्यांच्याच संस्थेच्या सभेत काय गोंधळ झाला ते उद्या छापायचं. काही वेळा छापतो. काही वेळा ‘सभा खेळीमेळीत’ असंही छापतो. खेळीमेळीत म्हणजे काय हे वाचकाला बरोबर समजतं, कारण तो सभेला हजर असतो! तालुक्यात बातमी नवी नसतेच. लोक अंक घेतात ते आपण पाहिलं ते याला छापायची हिंमत झाली का, हे बघायला. आवडलं नाही तर वाचक दारात येतो. चप्पल न काढता आत आला की मी खुर्ची पुढे करायचो. बसलेला माणूस उभ्यापेक्षा कमी ओरडतो, हे शिक्षण मला कुठल्या पत्रकारितेच्या वर्गात मिळालं नसतं.

आमच्याच तालुक्यात, कुकाण्याजवळ तरवडी आहे. 1910 साली सुरू केलेलं ‘दीनमित्र’ साप्ताहिक मुकुंदराव पाटलांनी या खेड्यातून अखेरपर्यंत, म्हणजे 1967 पर्यंत चालवलं. सत्यशोधकी विचाराचं पत्र, वाचक शेतकरी, आणि संपादक गावातच राहणारा. पुण्या-मुंबईला न जाता पत्र चालवता येतं, याचा एवढा मोठा दाखला शेजारी असताना गाव सोडायचं मनात आणणं जड गेलं. परिचितांनी तो दाखला ऐकवलाही, बहुतेक अशांनी ज्यांची वर्गणी थकलेली होती.

पण त्याच घराण्याच्या इतिहासात दुसराही दाखला आहे, तो कोणी दिला नाही. मुकुंदरावांचे जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर. त्यांनी 1877 साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. पैशाची ओढाताण झाली आणि 1880 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईला नेला. पत्राचं नाव तेच, विचार तोच, पण भोवती गिरण्या आल्या आणि पत्र गिरणी कामगारांचं गाऱ्हाणं मांडू लागलं. लोखंड्यांनी 1884 साली कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या, त्यात आठवड्याची सुट्टी होती. 1890 साली ती मिळाली. पत्र पुण्यातच राहिलं असतं तर मुंबईच्या भोंग्याचं दुखणं त्याला कितपत समजलं असतं? मुक्काम हलला की पत्राचे कान बदलतात. मी काही लोखंडे नव्हे, आणि मी काही पत्र घेऊन निघालो नव्हतो. मुलीची इंजिनिअरिंगची फी आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारा पगार, एवढंच माझं कारण होतं. तरी या उदाहरणानं मला थोडा धीर दिला, हे खरं.

जाण्याचीही रीत होती. पत्र काढताना जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र करावं लागायचं, तसं सोडतानाही लिहून द्यावं लागायचं की आजपासून मी या पत्राचा मुद्रक-प्रकाशक नाही. 2023 च्या नव्या कायद्यानंतर नोंदणीचं काम ऑनलाइन होतं, माझ्या वेळी कचेरीत खेटे होते. साप्ताहिक गावातल्याच एका डीटीपीवाल्या तरुणानं घेतलं. वर्गणीदारांची वही त्याच्या हवाली करताना त्यानं पहिला प्रश्न विचारला, यातले जिवंत किती? प्रश्न रास्त होता.

पुण्यात मी जिल्हा डेस्कवर बसतो. टेबल एसीत, काम संध्याकाळी सुरू. इथे कोणी चप्पल घालून आत येत नाही, कारण गेटवर पास लागतो. सुरुवातीला सुटल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की शीर्षक देताना हात फार सैल सुटतोय. ‘शेतकऱ्यांचा आक्रोश’ असं लिहून मोकळं होता येतं, कारण तो आक्रोश करणारा उद्या टेबलापुढे उभा राहून, मी कुठे आक्रोश केला, नुसता अर्ज दिला, असं म्हणणार नसतो. मी ‘अर्ज’ लिहितो. मग वृत्तसंपादक बदलतात.

तालुक्याचे वार्ताहर व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी पाठवतात. सप्त्याची सांगता, शाळेच्या खोलीचं भूमिपूजन, आणि शेवटी ‘यावेळी उपस्थित होते’ म्हणून नावांची रांग. डेस्कचा नियम, नावं उडवा. मी जागा असेल तेवढी ठेवतो. मागे एकदा वृत्तसंपादकांनी विचारलं, अहो, ही नावं वाचतं कोण?

ज्याचं असतं तो, मी म्हणालो.

पान सोडायला थोडीच मिनिटं उरली होती. त्यांनी वाद न घालता पहिली दोन ठेवली, बाकीची काढली. सकाळी साडेसातला फोन वाजला. पलीकडे काढलेल्या नावांपैकी एक जण. भाऊ, पुण्याला गेल्यावर आमची ओळख पुसली का?

मी म्हटलं, बसा. मग ध्यानात आलं की फोनवर आहेत.

नमस्कार.