जेम्सटाउनच्या चर्चमधली सभा

मंडळी, 1606 च्या डिसेंबरात लंडनहून तीन गलबतं अमेरिकेकडे निघाली. त्यांच्यासोबत मोहोरबंद पेटीत एक यादी होती. पलीकडच्या किनाऱ्याला लागल्याशिवाय ती फोडायची नाही, असा मोहीम पाठवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा हुकूम होता. नव्या वसाहतीचा, म्हणजे पुढं वसलेल्या जेम्सटाउनचा, कारभार पाहायच्या सात जणांची नावं तिच्यात होती. म्हणजे शंभरावर माणसं चार महिने दाटीवाटीनं राहिली, भांडली, आणि आपला कारभारी कोण याचा पत्ता नाही! एप्रिल 1607 मध्ये पेटी उघडली, तर सातांत जॉन स्मिथचंही नाव. हे गृहस्थ तेव्हा बंडाच्या संशयावरून जहाजावरच अटकेत होते.

हा प्रसंग मुद्दाम आधी सांगितला. इंग्रज अमेरिकेत लोकशाही घेऊन गेले, असं आपल्या डोक्यात कुठंतरी बसलेलं असतं. ते गेले कंपनीचे नोकर म्हणून. व्हर्जिनिया कंपनी भागधारकांच्या पैशावर उभी होती, आणि लंडनमध्ये बसून तीन हजार मैलांवरचा कारभार हाकत होती.

या कंपनीच्या 1606 च्या सनदेत एक मजेदार कलम आहे. व्हर्जिनियातली जमीन कंपनीनं कशी धरायची, तर लंडनजवळच्या ईस्ट ग्रीनविचच्या जहागिरीतली असल्याप्रमाणे. पुढं 1668 साली दुसऱ्या चार्ल्सनं आपलं मुंबई बेट वर्षाला दहा पौंड खंडानं ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, त्याही सनदेत हेच ईस्ट ग्रीनविच! साठ वर्षं उलटली तरी कारकुनानं हाताशी असलेला मसुदा सोडला नाही. पण यातून एक गोष्ट कळते. राजाच्या दृष्टीनं या दोन्ही मिळकती होत्या. तिथल्या माणसांनी कारभार कसा करायचा, हा प्रश्न नंतरचा.

जेम्सटाउनची पहिली दहा वर्षं भयानक गेली. गाव वसवलं ते पास्पाहेघ या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर, दलदलीत, खारट पाण्याशेजारी. 1609-10 च्या हिवाळ्यात काही शे माणसांपैकी साठेक उरली. मग कंपनीनं लष्करी कायदा लावला. चर्च चुकवलं तर शिक्षा, परवानगीशिवाय मूळ रहिवाशांशी व्यापार केला तर थेट मृत्यू. थोडं ओटचं पीठ चोरलं म्हणून एकाच्या जिभेत दाभण खुपसलं, त्याला झाडाला साखळीनं बांधलं आणि तसंच उपाशी मरू दिलं, असं वसाहतीतल्याच लोकांनी पुढं लिहून ठेवलं आहे.

आता सांगा, अशा ठिकाणी जायला कोण तयार होणार? आणि माणसंच गेली नाहीत तर भागधारकांना नफा कुठून? 1612 च्या सुमारास वसाहतीतल्या जॉन रॉल्फनं लावलेल्या तंबाखूला लंडनमध्ये गिऱ्हाईक मिळू लागलं होतं. तंबाखूला हात लागतात, खूप लागतात. तेव्हा लंडनच्या कंपनीतला एक पुढारी एडविन सँडिस आणि त्याच्या साथीदारांनी 1618 च्या नोव्हेंबरात नवा गव्हर्नर जॉर्ज यार्डली याच्या हाती नव्या सूचना दिल्या. स्वखर्चानं येणाऱ्याला माणशी पन्नास एकर जमीन. लष्करी कायद्याच्या जागी इंग्लंडातला रीतसर कायदा. आणि प्रत्येक वस्तीतून निवडलेल्या दोन-दोन प्रतिनिधींची सभा. या प्रतिनिधींना ‘बर्जेस’ म्हणत. माझ्या मते हे तिन्ही एकाच जाहिरातीचे भाग होते. जमीन दाखवायची, फटके बंद करायचे, आणि वर ‘तुमचंही म्हणणं ऐकू’ असं सांगायचं. सँडिसची तत्त्वं खोटी होती असं मी म्हणत नाही; पण कंपनीचा गल्ला भरलेला असता तर ती एवढ्या लवकर कागदावर आली असती का, याची मला शंका आहे.

30 जुलै 1619 ला ही सभा भरली. गावात त्यातल्या त्यात बरी जागा म्हणजे चर्च. सभेचा सचिव जॉन पोरी यानं पाठवलेला वृत्तांत लंडनमध्ये टिकून आहे, म्हणून आपल्याला कोण कुठं बसलं तेसुद्धा ठाऊक आहे. गव्हर्नर आपल्या नेहमीच्या जागी, सल्लागार मंडळ दोन्ही बाजूंना, पोरी समोर, त्याच्या शेजारी लेखनिक. आधी प्रार्थना झाली. मग अकरा वस्त्यांच्या बावीस बर्जेसांना एकेक करून हाक मारली आणि राजनिष्ठेची शपथ दिली. पोरी पूर्वी इंग्लंडच्या संसदेत बसलेला होता. सभेची रीत त्यानं तिथूनच उचलली.

आणि पहिल्याच दिवशी वाद! एका वस्तीचा मालक कॅप्टन जॉन मार्टिन याच्या जमिनीच्या सनदेत त्याला वसाहतीच्या कायद्यांतून सूट होती. सभा म्हणाली, तुला आमचे कायदे लागू नाहीत, मग ते करायला तुझी माणसं इथं का? त्याच्याच माणसांनी मूळ रहिवाशांच्या होडीतला मका जबरदस्तीनं काढून घेतल्याची तक्रारही आली होती. बदल्यात त्यांनी मणी वगैरे टेकवले होते. मार्टिन सूट सोडेना, तेव्हा त्याचे दोन्ही प्रतिनिधी बाहेर राहिले. आपल्यात कोणाला बसू द्यायचं हे सभेनं स्वतः ठरवलं, आणि तेही कायदे करायला बसण्याआधी. मला या सहा दिवसांतली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

बाकीचं कामकाज घरगुती म्हणावं असं. उत्तम तंबाखू पौंडाला तीन शिलिंग, दुय्यम अठरा पेन्स. प्रत्येकानं मका पेरायचा, रेशमासाठी तुती लावायच्या. जुगार, दारूबाजी, आळस यांना शिक्षा. सभेनं न्यायनिवाडाही केला. हेन्री स्पेलमन हा दुभाषा पोरवयात पोहाटन या मूळ रहिवाशांच्या प्रमुखाच्या लोकांत राहिलेला. त्यानं त्यांचाच एक सरदार ओपेचानकनो याच्यापाशी गव्हर्नरची निंदा केली, असा आरोप होता. त्याचं कॅप्टनपद काढून घेतलं आणि सात वर्षं वसाहतीची दुभाषेगिरी करायला लावली. त्याच्यावाचून चालणार नव्हतं ना! गरीब नोकराला मात्र ही सवलत नव्हती. थॉमस गार्नेट नावाच्या नोकरानं मालकाविरुद्ध आगळीक केली, तर त्याचे कान खांबाला खिळून चार दिवस उभं करायची आणि फटक्यांची शिक्षा झाली. तक्रार करणारा मालक स्वतः त्या सभेत बर्जेस होता.

उकाडा असह्य होता. वॉल्टर शेली नावाचा एक बर्जेस रविवारी वारला, स्वतः यार्डली आजारी पडला, आणि 4 ऑगस्टला सभा उरकती घेतली. उठता उठता त्यांनी सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषावर पौंडभर तंबाखूचा कर बसवला. कशासाठी? सभेचा सचिव, लेखनिक आणि शिपाई यांच्या मेहनतान्यासाठी. आणि कंपनीला एक विनंती केली: आमचे कायदे नाकारायचा अधिकार तुम्हाला आहे, तसा तुमचे हुकूम नाकारायचा आम्हालाही द्या.

त्या चर्चमध्ये बाई कोणी नव्हती, पास्पाहेघ कोणी नव्हता. महिना संपायच्या आत व्हर्जिनियाच्याच किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला एक जहाज लागलं. पोर्तुगीज गलबतावरून लुटून आणलेले वीसेक आफ्रिकन लोक त्यावर होते. दाणागोट्याच्या बदल्यात गव्हर्नर आणि एका बड्या व्यापाऱ्यानं त्यांना उतरवून घेतलं.

पुढच्या वर्षी अमेरिकेत वसायला निघालेल्या दुसऱ्या इंग्रज टोळीतल्या 41 पुरुषांनी मेफ्लॉवर जहाजावर आपला कारभार मिळून चालवायचा करार केला, त्याचा फार गाजावाजा होतो. पण तेही वाट चुकून सनदेबाहेरच्या किनाऱ्याला लागले होते. इथं आमच्यावर कोणाची सत्ता नाही, असं काही जण उघड बोलू लागले, म्हणून तो कागद.

1624 मध्ये राजानं व्हर्जिनिया कंपनीच बरखास्त केली. गव्हर्नर आता राजाचा माणूस झाला, आणि सभेचा उल्लेख नव्या व्यवस्थेत कुठंच नव्हता. पण त्याच वर्षी बर्जेसांनी ठराव करून ठेवला होता की सभेच्या संमतीवाचून गव्हर्नरनं वसाहतीवर कर बसवायचा नाही. राजाकडून सभेला रीतसर मान्यता यायला 1639 उजाडलं. मधली पंधरा वर्षं ते बोलावण्याची वाट न पाहता जमत राहिले, तंबाखूच्या भावावर भांडत राहिले.