यंत्र गोळी देईल, जिभेखाली कोण ठेवणार?

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतोय: गर्द सोडवायच्या गोळ्या कुलूपबंद यंत्रातून देतात म्हणे, ते काय असतं?

यंत्र साधं आहे. आत गोल चकती, चकतीत कप्पे. औषधं भरून कुलूप लावून देतात. ठरल्या वेळी यंत्र वाजतं आणि तेवढाच डोस बाहेर येतो. फिनलंडमध्ये कुओपिओला ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन (गर्द सोडवायची गोळी ती हीच) घेणाऱ्यांना असं यंत्र देऊन पाहिलं, त्याचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. गोळ्या घरी नेता येतात, पण सगळ्या एकदम हाती पडत नाहीत.

कुणीतरी लिहिलंय, 'गर्दुल्ल्यांवर भरवसा नाही म्हणून कुलूप.' हे वाचून मला फार वाईट वाटलं. अहो, घरात लहान मूल असेल तर एका गोळीनंही त्याचा श्वास थांबू शकतो. कुलूप त्याच्यासाठीही आहे.

आता मुख्य गोष्ट. ही गोळी गिळायची नाही. जिभेखाली ठेवायची, पूर्ण विरघळेपर्यंत. पाच-दहा मिनिटं लागतात. गिळली तर बरंचसं औषध यकृतातच मोडतं, रक्तात थोडंच पोचतं. आणि यंत्राला यातलं काही कळत नाही. त्याच्या नोंदीत येतं ते एवढंच, की डोस बाहेर काढला.

मी काही वर्षं ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्दऐवजी औषधाची गोळी देतात तिथे, नर्स होते. सुईनं नशा घेणाऱ्यांसाठी नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, ही केंद्रं आहेत, तिथे गोळी समोर बसवून देतात. एक पोरगा रोज वेळेवर यायचा. तरी संध्याकाळपर्यंत टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, सुरू: नाक गळतंय, जांभया, अंग मोडून आलंय. डोस वाढवायचं चाललं होतं. एक दिवस मी त्याच्याशेजारी बसून राहिले, तर दुसऱ्याच मिनिटाला त्यानं आवंढा गिळला! कडू लागते म्हणून रोज गिळत होता. नीट समजावून सांगितलं नव्हतं ते आम्हीच. गर्दीच्या वेळी आम्ही तोंड उघडायला लावायचो, रिकामं दिसलं की पुढचा. माणसं समोर असून आम्हाला दिसलं नाही, तर यंत्राला कुठून दिसणार?

एका ताईंचा प्रश्न आहे, 'हे गोळी ठेवली की लगेच चहा घेतात, चालेल का?' नाही ताई. चहाच्या घोटाबरोबर गोळी पोटात जाते, म्हणजे गिळल्यासारखंच झालं. तोंड कोरडं असेल तर आधी पाणी प्यायला द्या. मग गोळी, आणि ती विरघळेपर्यंत बोलणं नाही, चहा नाही, तंबाखू नाही. विरघळली की मोठा घोट पाणी तोंडात खळखळवून गिळायचं. दात निदान तासाभरानं घासायचे, नाहीतर दातांना त्रास होतो.

उद्या यंत्र वाजलं की घड्याळ घेऊन त्यांच्याजवळ बसा. किती मिनिटं लागली ते मला खाली लिहा.