दोन्ही बाजूंनी उघडणारी वही

(पडद्यावर: पातेल्यात भिजलेले गहू. एक हात त्यातून फिरतोय. पाण्याचा आवाज, बाकी शांतता.)

गहू भिजत घातल्याला आज तिसरा दिवस. मावशी रोज सकाळी उठली की आधी ह्याचं पाणी बदलते, मग चहा टाकते. एक दाणा चिमटीत धरून दाबायचा. पांढराशुभ्र चीक पटकन बाहेर आला, की समजायचं, झालं.

"झालं," मावशी म्हणते, आणि मिक्सरचं भांडं पुढे ओढते.

हे स्वयंपाकघर अलिबागेत असायला हवं होतं. पण खिडकीबाहेर बघा. नारळ नाही, पोफळ नाही, ओल नाही. पिवळट टेकड्या, कोरडं निळं आभाळ आणि गॅलरीत कुंडीतला एकुलता एक कढीपत्ता. हे दिमोना. इस्रायलच्या दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटात १९५५ साली वसवलेलं गाव. जगाला हे नाव अणुभट्टीमुळे माहीत आहे. मला ते निळ्या एअरमेल पत्रांमुळे माहीत झालं.

मावशी म्हणजे माझ्या आईची शाळासोबतीण. अलिबागच्या शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. मावशीचं घर इस्रायल आळीत. १९७१ साली लग्नानंतर काकांबरोबर ती इकडे आली. त्यानंतर वर्षातून एकदा तिचं पत्र यायचं. वळणदार, टपोरं अक्षर, कोपरान्‌कोपरा भरलेला. आणि शेवटची ओळ दर वर्षी तीच: "नव्याच्या सणाला हलवा केला. तुझी आठवण काढली."

नव्याचा सण म्हणजे ज्यू नववर्ष, रोश हशाना. मावशीचे लोक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांनी आपल्या सणांना अशीच घरगुती मराठी नावं दिली होती. उपासाच्या शोकदिनाला वालाचं बिरडं करायचे, म्हणून तो बिरड्याचा सण. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीद म्हणायचे. मावशी आजही म्हणते, "हे सकाळीच मशिदीत गेलेत," आणि इथे जन्मलेली तिची सून दर वेळी चमकून बघते.

(पडद्यावर: अलिबागजवळचं नवगाव. समुद्रकाठचं दफनस्थान, स्मारकाचा दगड.)

परंपरा सांगते, की फार फार पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावला मूठमाती दिली. वाचलेले आजूबाजूच्या गावांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, घाणा बंद ठेवू लागले. लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायला लागले. गावांवरून आडनावं पडली: नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहिमकर, चेऊलकर. हिंदी चित्रपटांतले डेव्हिड आठवतात? तेही चेऊलकरच.

शेकडो वर्षं ही माणसं कोकणात कोकणी माणसांसारखी राहिली. मुंबईत १७९६ साली त्यांनी पहिलं सिनेगॉग बांधलं, 'शार हारहमीम', म्हणजे दयेचं दार. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह एक हग्गादा छापली गेली. हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या, म्हणजे पासओव्हर ह्या ज्यू सणाच्या, रात्री घरात वाचायची पोथी. तिच्या चित्रात मात्झाच्या, म्हणजे बिनखमिराच्या, पोळ्या करणाऱ्या बायका जमिनीवर बसल्या आहेत, साड्या नेसून. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझी आजी पापड लाटताना दिसली.

मग १९४८ साल आलं. इस्रायल देश झाला. आपण ज्यांना कधी परकं म्हटलं नाही, छळलं नाही, ते शेजारी बोटीत आणि विमानात बसून निघाले. प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या घेतलेलं जेरुसलेमचं नाव आता नकाशावर दिसत होतं, म्हणून निघाले. त्या सुमारास भारतात बेने इस्रायल २०,००० च्या आसपास होते. आज काही हजार उरलेत.

तिथे पोचल्यावर सगळं गोड झालं, असं नाही. १९५२ मध्ये काही कुटुंबं भेदभावाला कंटाळून भारतात परतली. पुढे धर्मपीठाने त्यांच्या लग्नांबद्दलच शंका काढल्या: हे खरे ज्यू का? १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ते सर्व अर्थांनी ज्यू आहेत, हे अखेर संसदेला सांगावं लागलं. मावशी आली तेव्हा हे मिटलेलं होतं. पण ती म्हणते, "मिटलं ते कागदावर गं. जिन्यात भेटणाऱ्या बाईच्या नजरेतून जायला आणखी काही वर्षं लागली."

(पडद्यावर: पातळ फडक्यातून चीक पिळणारे हात.)

वाटलेला गहू फडक्यात घालून पिळायचा. चोथा वरती राहतो. खाली दुधासारखं पाणी. ते झाकून ठेवायचं आणि विसरून जायचं. रात्रभरात चीक तळाला बसतो, वर निवळी येते. आमच्याकडे ह्याच चिकाच्या कुरडया होतात, म्हणून मला वाटलं होतं, पुढचं मला माहीत आहे. पण मावशीनं निवळी ओतली, तळाचा घट्ट गोळा फोडला आणि त्यात नारळाचं दूध घातलं.

"गाईचं का नाही?" मी विचारलं.

"सणाला मटण असतं ना. मटणावर दुधाचं खायचं नाही, ते आपल्यात चालत नाही. आणि नारळाचं दूध हे काय दूध आहे? ते फळ."

एका वाक्यात तिने मला तिच्या सगळ्या स्वयंपाकाची किल्ली दिली. धर्माने मांस आणि दूध एकत्र करायला बंदी केली, कोकणाने नारळ दिला. त्या दोघांच्या मध्ये ह्यांची सगळी चव उभी राहिली. दिमोनात नारळ उगवत नाही, दूध डब्यातून येतं. आमसुलं मात्र अलिबागहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतूनच यायला हवीत. त्या बाबतीत मावशी ऐकत नाही.

काका पंच्याहत्तरी पार केलेले. मुंबईत गिरणीत फिटर होते. दिमोनात तेव्हा कापडगिरण्या होत्या, त्यामुळे हातातलं काम तेच राहिलं, फक्त भोंग्याची वेळ बदलली. बाकी आयुष्य त्यांनी क्रिकेटला दिलं, अगदी शब्दशः. फुटबॉलवेड्या देशात क्रिकेटचं मैदान कुठून असणार? म्हणून शुक्रवारी सकाळी ते आणि त्यांचे मित्र मॅटिंगची गुंडाळी खांद्यावर घेऊन निघायचे, मोकळ्या जागी अंथरायचे, कडेला खिळे ठोकायचे. शनिवारी खेळायचं नाही. शनवार तेली ना.

(पडद्यावर: मैदान. मॅटिंगवर खिळे ठोकणारे म्हातारे हात. मागे तरुण मुलं.)

इस्रायलमध्ये क्रिकेट टिकवण्यात भारतातून गेलेल्या ह्या लोकांचा वाटा मोठा आहे. दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद ह्या गावांतून ते खेळलं गेलं. १९७९ साली इंग्लंडमध्ये पहिली आयसीसी ट्रॉफी झाली, त्यात इस्रायलचा संघ होता. श्रीलंकेने त्यांच्याशी खेळायला नकार दिला आणि तो सामना सोडून दिला. तरी पुढे ट्रॉफी श्रीलंकेनेच जिंकली. काका त्या संघात नव्हते, पण हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही चढतो. "अरे, बॉल टाका तर खरं! हरलो असतो, तरी हरलो म्हणून सांगितलं असतं!"

आता ते खेळत नाहीत. नातवंडांच्या वयाच्या पोरांना शिकवतात. पोरं आपापसात फक्त हिब्रू बोलतात. पण कान देऊन ऐका. फटका बसला, बॅट्समन धावायला निघाला, की पलीकडून ओरड येते: "चल! चल! … थांब!"

कुणी शिकवलं त्यांना? काकांनी पन्नास वर्षांपूर्वी आपल्या जोडीदाराला अशी हाक मारली होती. ती अजून त्या बावीस यार्डांत धावते आहे.

ह्याच गोष्टीसाठी मी इतक्या लांब आले. भाषा टिकवायची म्हणून टिकत नाही, हे मावशीच्या घरात मला स्पष्ट दिसलं. तिने मुलाला मराठी शिकवायचा खूप प्रयत्न केला. तो शाळेच्या डब्यात चपाती-भाजीची गुंडाळी काढायला लाजायचा. मराठीत विचारलं, की हिब्रूत उत्तर द्यायचा. आजही त्याला सगळं कळतं, पण बोलत तो नाही. मावशी त्याला दोष देत नाही. "त्याला इथलं व्हायचं होतं. लहान पोराला तेवढंच कळतं."

भाषा राहिली ती जिथे कुणी तिच्याकडे बघत नव्हतं तिथे: हलव्याच्या पातेल्यात, धावेच्या हाकेत. आणि ह्या वहीत.

(पडद्यावर: शंभर पानी वही, पुठ्ठा सुटलेला, कडेला हळदीचा डाग.)

मावशीला गाण्याचं वेड आहे. तिची आई कीर्तनाला साथ करायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायलींनी मराठी कीर्तन आपलंसं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी सगळं तेच, आख्यान मात्र अब्राहमचं, योसेफचं, मोशेचं. मावशी कीर्तन करत नाही, पण गाणी रचते. ह्या वहीतलं पहिलं गाणं मोशेच्या आईचं आहे. बाळाला टोपलीत घालून ती नदीत सोडते, त्या क्षणाचं. चाल जात्यावरच्या ओवीची. मावशी ते म्हणायला लागली आणि मला कळेना, नाईलचं पाणी वाजतंय की जातं.

तिची काही गाणी 'मायबोली'त छापून आली. हे इस्रायलमधून निघणारं मराठी त्रैमासिक १९८० च्या दशकात सुरू झालं. तिथल्या घराघरांतून हाताने लिहिलेले कागद जात आणि छापील मराठी होऊन परत येत. मावशीने ते सगळे अंक उशांच्या अभ्र्यात घालून, कपाटात वरच्या फळीवर ठेवलेत.

आता ही वही उलटी करा. मागून उघडा.

इथे हिब्रू आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे आपल्या वहीचं शेवटचं पान हे त्यांचं पहिलं पान. इथून लिहायला सुरुवात केली आहे मावशीच्या नातीने. ती एकवीस वर्षांची आहे. गेल्याच महिन्यात तिची लष्करातली सक्तीची सेवा संपली आणि घरात मलिदा झाला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. काही चांगलं झालं, नवस फेडायचा असला, की एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा करायचा. तो इकडेही सुटलेला नाही. त्या संध्याकाळी सगळ्या बायका मराठीत गायला लागल्या आणि नातीला एकही ओळ येईना.

दुसऱ्या दिवशी तिने ही वही मागून घेतली.

ती आजीच्या शेजारी बसते. आजी एक ओळ म्हणते, ती हिब्रू अक्षरांत उतरवते. पण हिब्रूत ळ नाही. ण नाही. भ, ध, ठ नाहीत. 'बाळ' लिहिलं तर वाचताना 'बाल' होतं. आजी म्हणते, "बाल नाही गं, बाळ. जीभ वर वळव." चार दिवस जीभ वळेना. मग तिने स्वतःच एक युक्ती काढली. 'लामेद' ह्या अक्षराखाली पेन्सिलीने एक टिंब द्यायचं. टिंब दिसलं, की जीभ वर.

कॅमेरा जरा जवळ घ्या. हे बघा. ओळीओळीत किती टिंबं आहेत. बाळ. कोवळं. जवळ. डोळे. वेळ. आईने सोडलेल्या बाळाचं गाणं, ळ येणारच.

पुढून आजीचं मराठी, मागून नातीचं हिब्रू. मध्ये अजून बरीच कोरी पानं आहेत.

(पडद्यावर: गॅसवर पातेलं. नात आणि आजी आळीपाळीने ढवळताहेत.)

हलवा ढवळायला माणसं लागतात. चीक तळाला लागला, की संपलं. पूर्वी अलिबागेत शेजारच्या बायका मदतीला यायच्या, म्हणजे माझी आजीसुद्धा. आज मावशी, नात आणि मी. आधी पातळ, मग खळीसारखा, मग एकदम जड होतो. चमचा उभा राहतो. कडा सोडायला लागला, की वेलची घालायची आणि तूप न लावलेल्या ताटात ओतायचा. तूप का नाही, हे आता मला कुणी सांगावं लागत नाही.

ताट गार व्हायला ठेवलं आणि नातीने फोन काढला. आता एअरमेल नाही. तिने माझ्या आईसाठी अलिबागला आवाज पाठवला. आजीने एकदाच सांगितलं, तिने ते मनातल्या मनात म्हणून बघितलं आणि मग सलग बोलली:

"मावशीआजी, नव्याच्या सणाला हलवा केला. नारळाच्या दुधातला. तुझी आठवण काढली."

नारळ. ळ अगदी स्वच्छ आला.

आईचं उत्तर दहा मिनिटांनी आलं. मागे अलिबागचा पाऊस ऐकू येतो. आधी ती थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग घसा खाकरते.

"तुझ्या आजीला विचार, गहू पुरते तीन दिवस भिजवले का. तिला घाई फार."