टिहुआनाचा चावा: सीमेवरच्या एका रस्त्याचा धंदा का बसला

मंडळी, टिहुआना या मेक्सिकोतल्या, अमेरिकेच्या सीमेवरच्या शहराबद्दल बोलायचं तर आधी तिथल्या गाढवाकडे बघू. आवेनिदा रेव्होलुसिऑन, म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडी ‘ला रेव्हो’, या रस्त्यावर कोपऱ्यात एक रंगीत गाडा उभा असतो. त्याला पांढरं गाढव जुंपलेलं, आणि गाढवाच्या अंगावर काळे पट्टे रंगवलेले. कृष्णधवल फोटोंच्या काळात पांढरं गाढव फोटोत नीट उठायचं नाही, म्हणून ही झेब्र्याची युक्ती. पर्यटकानं भली मोठी टोपी घालायची, गाड्यात बसायचं, फोटो काढायचा आणि पैसे मोजायचे. २००९ च्या सुमाराला हे गाढववाले दिवसभर नुसते उभे राहायला लागले.

हा रस्ता मुळात अमेरिकेच्या कायद्यानं वसवला. १९२० ते १९३३ तिकडे दारूबंदी होती, आणि अमेरिकेतल्या सॅन दिएगोहून अर्ध्या तासावर, टिहुआनात, दारू खुली होती. १९२८ मध्ये आग्वा कालिएन्तेचा आलिशान जुगारअड्डा सुरू झाला. १९३५ मध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी जुगारावर बंदी आणली आणि तो बंद पडला. रस्ता मात्र टिकला. सॅन दिएगोचे नौसैनिक येत राहिले. पुढे अमेरिकेत दारूसाठी वय २१ झालं, मेक्सिकोत ते १८ च राहिलं. मधल्या तीन वर्षांच्या पोरांवर शनिवार-रविवारचा सगळा धंदा चालायचा.

मग धंदा बसला कशानं? ‘खुनांनी’ हे उत्तर ठरलेलं आहे, आणि ते अर्धंच खरं आहे. अमली पदार्थांचा धंदा करणाऱ्या आरेयानो फेलिक्स टोळीचे म्होरके भाऊ मारले गेले, पकडले गेले. उरलेल्यांत २००८ मध्ये फूट पडली. एका बाजूला त्या भावांच्या भाच्याचा गट, दुसऱ्या बाजूला टोळीतून फुटलेला म्होरक्या ‘एल तेओ’. त्या एका वर्षात शहरात ८०० हून जास्त खून झाले आणि ला रेव्होवरची शटरं खाली आली. पण २०१८ मध्ये आकडा २,५०० च्या आसपास गेला, आणि तेव्हा त्याच रस्त्यावर बीयरबारमध्ये बसायला जागा नव्हती. खून तिप्पट आणि गर्दीही वाढलेली, हे गणित नुसत्या भीतीनं सुटत नाही. २०१८ चे खून बहुतेक पूर्वेकडच्या वस्त्यांत, ‘क्रिस्ताल’ या नशेच्या पदार्थाची पुडी कुठल्या नाक्यावर कोणी विकायची यावरून झालेले. पर्यटक तिकडे फिरकतही नाही.

रस्त्याला आधी मारलं ते रांगेनं. ११ सप्टेंबर २००१ नंतर सीमेवरच्या सॅन इसिद्रोच्या नाक्यावर अमेरिकेत परत जाताना दोन-तीन तास गाडीत बसावं लागायचं. पूर्वी ‘मी अमेरिकन नागरिक’ एवढं तोंडी सांगून भागायचं. २००८ च्या सुरुवातीला ते बंद झालं, आणि १ जून २००९ पासून पासपोर्ट किंवा तशीच ओळख सक्तीची झाली. पासपोर्टचं पुस्तक तेव्हा १०० डॉलरचं. चार बीयरसाठी एकोणीस वर्षांचं पोर एवढे पैसे कशाला भरेल? त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेक्सिकोत स्वाइन फ्लू आला. पुण्यात त्यानं ऑगस्टमध्ये काय घबराट उडवली ते इथे सांगायला नको.

आणि दुसरी गोष्ट, ‘मॉर्दिदा’. शब्दाचा अर्थ ‘चावा’, आपल्याकडची चिरीमिरी. तिची रीत ठरलेली आहे. कॅलिफोर्नियाची नंबरप्लेट दिसते, ‘आल्तो’च्या, म्हणजे ‘थांबा’च्या, पाटीपाशी चाक पुरतं थांबलेलं नसतं. पोलीस लायसन मागतो आणि हातातच ठेवतो. पावती फाडत नाही. ‘ठाण्यावर चला, गाडी कोर्रालोनला जाईल’ म्हणतो. कोर्रालोन म्हणजे ओढून नेलेल्या गाड्यांचं आवार, तिथे ओढण्याचा खर्च आणि दिवसाचं भाडं वेगळं. रस्त्यावर दारू प्यायलेला सापडला तर न्यायाधीश दंड करील किंवा ३६ तासांपर्यंत डांबील; राज्यघटनेच्या २१व्या कलमात हीच कमाल मर्यादा आहे. रविवारी संध्याकाळी ज्याला सोमवारी कामावर जायचंय त्याला ३६ तास ऐकूनच घाम फुटतो. मग तोच हळूच विचारतो, ‘इथेच काही मिटेल का?’ पोलिसाला रक्कम सांगावीही लागत नाही. औषधाच्या दुकानांबाहेरही हाच खेळ: आत मेक्सिकन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मिळतात, आणि बाहेर पाऊल टाकताच पिशवी तपासली जाते.

हा पैसा शिपायाच्या खिशात सगळा राहत नाही. चांगला बीट हवा तर वरच्याला रोजचा वाटा पोचवायचा. मेक्सिकन पोलिसांत त्याला ‘एंत्रे’ म्हणतात. म्हणून एक शिपाई काढला तरी चावा थांबत नाही, नव्यालाही तोच वाटा भरायचा असतो. आणि जो हप्ता पोचवायला शिकलाय, त्याला टोळीचा हप्ता घ्यायला फारसं शिकवावं लागत नाही. जानेवारी २००७ मध्ये लष्करानं शहर पोलिसांची सगळी शस्त्रं तपासणीसाठी काढून घेतली, खुनांत तीच वापरली गेली का ते बघायला. काही पोलीस तेवढे दिवस चक्क गलोल घेऊन गस्तीला निघाले. माजी लष्करी अधिकारी हुलियान लेय्सावला यांनी पुढे शहराचे पोलीसप्रमुख म्हणून शेकडो पोलीस काढले, त्यांच्या माणसांवर छळाचे आरोपही झाले. एप्रिल २००९ मध्ये एकाच रात्री सात पोलीस मारले गेले. सफाईची ती किंमत होती. पण चौकातला चावा त्यात कोणी मोजलाच नाही.

रस्ता सावरला तो अमेरिकनांशिवाय. २०१० च्या आसपास पासाहे रोद्रीगेससारख्या बोळांतले बंद पडलेले शोभेच्या वस्तूंचे गाळे स्वस्तात मिळू लागले. चित्रकार, पुस्तकवाले, कॉफीवाले शिरले. सहाव्या गल्लीत गावातलीच मुलं नाचायला येऊ लागली. या गिऱ्हाइकाला रांग नाही, पासपोर्ट नाही. चावा त्यालाही चुकत नाही, पण ३६ तासांच्या धमकीनं तो घाबरत नाही. तो पावती मागतो, पोलिसांच्या गाडीवरचा क्रमांक मोठ्यानं वाचतो, आणि द्यायचेच झाले तर पेसोत घासाघीस करून देतो.